स्वारगेटच्या फिश टँकमधली पहाट



आजची नोंद रानातली नाही, स्वारगेटची आहे. पण विषय आपलाच, उजेड आणि अंधार. शेवंतीवाल्यांनी तर जरूर वाचा. बल्बाखाली उभं राहून चार हंगामांत जे कळलं, तेच ताईच्या घरातल्या सत्तर लिटर पाण्यात लागू पडलं.

माझी थोरली बहीण एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला राहते. जुनी इमारत, तळमजला, बोळात तोंड. दोन खोल्या. दाजी एसटीत चालक आहेत, त्यामुळे घराला घड्याळ असं नाहीच. एका आठवड्यात पहाटे पाचची गाडी, दुसऱ्यात रात्री दीडला घरी. भाचा सातवीत. त्याच्या हट्टापायी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आली. त्यात आठ झेब्रा, सहा निऑन टेट्रा आणि तळाला माती हुंगत फिरणारे तीन कोरीडोरास. काठोकाठ भरली तर टाकीत सत्तर लिटर मावतं. पाणी खडकवासल्याचं. ताईच्या नळाला येतं ते तेच, आणि मुठा उजव्या कालव्यातून स्वारगेट, हडपसर करत आमच्या यवतकडच्या पाटाला येतं तेही तेच. ताई म्हणते, "आमचं उरलेलं तुम्हाला." असो.

मासे मरत होते, रोग होऊन नव्हे. सकाळी एखादा झेब्रा फरशीवर वाळलेला सापडायचा. दोन महिन्यांत चार गेले. फिश टँकच्या दुकानदारानं आधी निळं औषध दिलं, मग पाणी तपासायची किट दिली. किटमध्ये अमोनिया शून्य. क्लोरीन जावा म्हणून पाणी बादलीत चोवीस तास ठेवून भरत होते, तेही बरोबर. चौथा मासा भाच्यानंच उचलला, त्या दिवशी तो शाळेत गेला नाही. ताईनं मला फोन करून सांगितलं, "हे काही मला बघवत नाही, टाकी कुणाला तरी देऊन टाकते. पोरगं रात्री उठून बॅटरी मारून मासे मोजतंय."

कारण मला दिसलं ते मार्केट यार्डच्या फेरीमुळे. गुलटेकडीला फुलं उतरवली की विक्री सुरू व्हायच्या आत थोडा वेळ असतो, तेव्हा मी चहाला ताईकडे जातो. पाच वाजता ताई डब्यासाठी उठली, अंधारात हात लांब करून टाकीचं बटण दाबलं, कारण स्वयंपाकाच्या ट्यूबपेक्षा ते जवळ. टक्. आणि मूठभर हरभरे काचेवर फेकावेत तसा आवाज झाला. सगळे झेब्रा एकदम उधळले, काचेवर आदळले, एकाची शेपटी पाण्याबाहेर येऊन गेली. वर झाकण नव्हतं. ताईला हा आवाज रोजचा, तिच्या मते मासे भुकेनं उड्या मारतात.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आजच वर जाळी टाक. दुसरी, टाकीचं बटण सगळ्यात शेवटी. आधी आतल्या खोलीतला दिवा, मग पाच-दहा मिनिटांनी स्वयंपाकाची ट्यूब, आणि अर्ध्या तासानं टाकी. आठ दिवसांनी तिचा फोन आला की आवाज बंद झालाय. एक रुपया खर्च नाही. ज्यांच्या घरी फिश टँक आहे त्यांनी एवढं केलं आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

हे असं का होतं, ते दाजींना माझ्याआधी कळलं. ते म्हणाले, "समोरच्यानं एकदम अप्पर मारला की दोन सेकंद काहीच दिसत नाही. माणूस तरी डोळे बारीक करतो." माशाला तेही जमत नाही. त्याला पापणी नाही, आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. त्याच्या डोळ्याची युक्ती वेगळी. आतल्या पडद्यातल्या पेशी आणि काळा रंगद्रव्याचा थर खरोखर जागा बदलतात. उजेडात एक मांडणी, अंधारात दुसरी. ही हलवाहलव व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. नदीत, ओढ्यात, भाताच्या खाचरात तेवढा वेळ मिळतोच. सूर्य काय बटण दाबून उगवत नाही.

किती वेळ मिळतो, याचा हिशेब सोपा आहे. आपल्या पुण्याच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जायला वर्षभरात साधारण २२ ते २४ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात उजेड काहीशे लक्सवरून तीन-चार लक्सवर येतो. लंडनला जूनमध्ये हेच पाऊण तास चालतं, कारण तिथं सूर्य तिरका बुडतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे टाकीला तास-दोन तासांची पहाट द्यायची गरज मला वाटत नाही. अर्धा तास पुरे.

भाच्याला मात्र बटणाचा क्रम पाळणं पटलं नाही. त्याचं म्हणणं, "मामा, आई एखाद्या दिवशी विसरणार. तुमच्या बल्बांना टायमर आहे ना?" आहे. पण आमचा टायमर टक् करून चालू आणि टक् करून बंद करतो. शेवंतीचं त्यानं काही बिघडत नाही, झाड कुठं उधळणार? इथं हळूहळू वाढवणारा पाहिजे होता. मग आम्ही दोघं एका रविवारी सामान ठरवून बसलो. पुढच्या फेरीला सामान आणायला मेट्रोनं गेलो. स्वारगेटहून पुढचंच स्टेशन मंडई. तिथून चालत बुधवार पेठेत तपकीर गल्ली. भाच्याची ही पहिलीच मेट्रो, त्यामुळे तो माशांपेक्षा बोगद्याबद्दल जास्त बोलत होता.

सामान असं: बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या दोन, एक पिवळसर आणि एक पांढरी. बारा व्होल्टचा अडॅप्टर. आर्डुइनो नॅनो नावाचं बोटभर लांबीचं बोर्ड. पट्टीचा करंट कमी-जास्त करायला दोन मॉसफेट. आणि डीएस ३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल, ज्यात बटणासारखा सेल बसतो. सगळं मिळून अकराशेच्या आसपास गेले. त्यातलं घड्याळ टाळू नका. लाईट गेली की आर्डुइनो सगळं विसरतो, आणि आल्यावर दुपारी तीनला पहाट सुरू करतो. सेलवरचं घड्याळ वेळ धरून ठेवतं. लाईट आल्यावर बोर्डानं घड्याळ बघायचं, आत्ता किती उजेड पाहिजे ते ठरवायचं, आणि तिथपर्यंतही शून्यापासून दहा मिनिटं घेऊनच जायचं. ही शेवटची ओळ कोडमध्ये नसेल तर लाईट आल्या आल्या पुन्हा तेच हरभरे.

खरी गंमत हळूहळू वाढवण्यात आहे. भाच्यानं पहिला कोड लिहिला तो सरळ पट्टीसारखा. शून्य ते शंभर टक्के, अर्ध्या तासात, दर मिनिटाला सारखी भर. चालवून बघितला तर पहिल्या दोन मिनिटांतच भसकन उजाडलं आणि पुढची पंचवीस मिनिटं काही होतंय असं वाटेना. त्याला वाटलं मॉसफेट खराब निघाला.

मी त्याला दिवाळीची आठवण करून दिली. अंधाऱ्या ओट्यावर एकच पणती आहे, तिच्या शेजारी दुसरी लावली तर लगेच फरक कळतो. शंभर पणत्या लावल्यात, त्यात एक वाढवली तर कोण ओळखणार? डोळ्याला बेरीज कळत नाही, पट कळते. माणसाच्या डोळ्याचं असंच आहे आणि माशाचंही. म्हणून दर मिनिटाला ठरावीक भर नको, दर मिनिटाला सव्वापट पाहिजे. एक हजारांश उजेडापासून सुरू केलं आणि मिनिटाला सव्वापट करत गेलं तर ३१ मिनिटांत हजारपट होतं. भाच्यानं कॅल्क्युलेटरवर सव्वानं गुणत गुणत खात्री केली, वहीचं अख्खं पान भरलं. शाळेत चक्रवाढ व्याज चालू होतंच. सोसायटीच्या कर्जानं जे मला शिकवलं ते त्याला माशांनी शिकवलं, एवढाच फरक.

त्यात एक अडचण आली, ती सांगून ठेवतो. आर्डुइनोची साधी पद्धत उजेडाच्या २५६ पायऱ्या देते. त्यात पहिली पायरी शून्यावरून एक, दुसरी एकावरून दोन, म्हणजे तिथंच दुप्पट. अंधारात ही उडी डोळ्याला टोचते. नॅनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांमागे मोठा टायमर आहे, तो ६५,५३६ पायऱ्या देऊ शकतो. तो वापरला, ६५ पासून सुरुवात केली, आणि मिनिटाची सव्वापट सेकंदासेकंदाला वाटून दिली. मग कुठं असं झालं की उजेड वाढताना दिसत नाही, वाढलेला दिसतो. आधी पिवळी पट्टी, ती निम्म्यावर आली की पांढरी. रंगाची ही हौस माशांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

वायरिंगचं एक सांगतो, कारण मोटरच्या स्टार्टरचा झटका आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अडॅप्टर टाकीच्या खाली ठेवू नका, बाजूला आणि वर ठेवा. वायर बोर्डात जायच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाशी ठिबकेल, सॉकेटात जाणार नाही. पट्टी झाकणाच्या आतून चिकटवायची तर सिलिकॉनच्या आवरणाचीच घ्या.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं करूनही काम अर्धंच झालं होतं. मासे आदळायचे थांबले, पण काचेवर हिरवं शेवाळ तसंच, आणि मासे दिवसाही कोपऱ्यात झाडामागे. भाचा म्हणाला, पहाट अजून लांब करूया. मी त्याला आमच्या रानातल्या खांबाची गोष्ट सांगितली.

आमच्या शेवंतीच्या प्लॉटला लागून रस्ता आहे आणि रस्त्यावर दिव्याचा खांब. हंगामात आम्ही बल्ब लावतो रात्री दहा ते दोन. रात्र मधेच तोडली की झाडाला वाटतं अजून रात्री लहान आहेत, आणि ते कळी न धरता वाढत राहतं. उंची पुरेशी झाली, बाजाराची तारीख जमवली, की बल्ब बंद. मग जातीप्रमाणे सात ते दहा आठवड्यांनी फूल. सगळा प्लॉट पांढराशुभ्र होतो, पण खांबाखालच्या दोन ओळी हिरव्याच. दरवर्षी. खांबाचा उजेड किती, तर वर्तमानपत्राचा मथळा कसाबसा वाचता येईल एवढा. तरी झाडाला रात्र झालीच नाही असं वाटतं.

हे शास्त्रज्ञांनाही लगेच उमगलं नव्हतं. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूवरून दाखवलं की दिवसाच्या लांबीवर फुलं ठरतात. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूवर, म्हणजे बांधावर पायजम्याला चिकटतं त्या तणावर, प्रयोग केले आणि गणित उलटं निघालं. झाड दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजतं. लांब रात्रीत मधेच थोडा वेळ दिवा लावला तरी हिशेब मोडतो. आमचा दहा ते दोनचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मासा काही शेवंती नाही. पण त्यालाही आतलं घड्याळ आहे आणि तेही रात्र मागतं. ताईच्या घरी रात्र होतच नव्हती. टाकीचा दिवा पहाटे पाचला लागायचा तो रात्री अकरापर्यंत, म्हणजे अठरा तास. शेवाळ येणार नाही तर काय? अकरानंतर बोळातल्या पार्किंगचा मोठा दिवा थेट खिडकीतून टाकीवर. वर दुकानदारानं दिलेला निळा 'चांदण्याचा' दिवा रात्रभर चालू. पौर्णिमेचं खरं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, आणि तेही महिन्यातून मोजक्या रात्री. हा निळा दिवा त्याच्या कितीतरी पट, आणि रोज. रोज पौर्णिमा कुणाला सोसेल? तो मी सगळ्यात आधी काढला. भाच्याला आवडायचा, थोडा रुसला.

मग वेळापत्रक असं बसवलं. ताई पाचला उठते, म्हणून पहाट साडेचारला सुरू. ताई ट्यूब लावते तोवर टाकीत उजेड झालेला असतो, ट्यूबचा धक्काच बसत नाही. आठला पोरगं शाळेत गेलं की टाकीचा दिवा हळूहळू उतरतो, दुपारभर नुसता खोलीतला उजेड. साडेचारला पुन्हा चढतो. रात्री आठला संध्याकाळ सुरू, साडेआठला बंद, आणि टाकीवर जुन्या काळ्या छत्रीच्या कापडाची शिवलेली खोळ. मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला कायमचा काळा कागद. सलग आठ तास खरा अंधार. तीन आठवड्यांत शेवाळ निम्म्यावर आलं आणि कोरीडोरास भर उजेडात पुढच्या काचेशी यायला लागले.

घरात मात्र यावरून वाजलं. दाजी रात्री दीडला येतात त्या आठवड्यात त्यांचं एकच सुख होतं. हातपाय धुवायचे, ताट घ्यायचं आणि टाकीसमोर खुर्ची टाकून जेवायचं. बायको-पोरगं झोपलेलं, बोलायला कोणी नाही, समोर मासे. आता खोळ. पहिल्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री ताईला म्हणाले, "माशांची झोप मोडू नये म्हणून मी भिंतीकडं बघून जेवायचं का?" मला यात माशांची बाजू घेता येईना. रात्री पाणी धरायची पाळी आली की मीही दीडला बिबट्याच्या भीतीनं बॅटरी हलवत पाटावर असतो. रात्र कुणाची मोडते आणि कुणासाठी, हे मला चांगलं माहीत आहे.

तोड ताईनं काढली. मोरीजवळचा झिरो बल्ब लावायचा, खोळीची एक बाजू वर करायची, जेवण होईपर्यंत तसंच. उजेड एवढा कमी की मासे हलत नाहीत. शेवंतीला हे चाललं नसतं, माशांना चालतंय. त्या उजेडात दाजींना पहिल्यांदा दिसलं की निऑन टेट्राची निळी-लाल रेघ गायब आहे. घाबरून त्यांनी पोराला उठवलं, "अरे, यांचा रंग उडाला." भाच्यानं झोपेतच सांगितलं, रात्री उडतोच, सकाळी येतो. ते खरंच आहे, निऑन झोपताना रंग उतरवतो. इतकी वर्षं रात्रभर दिवा असल्यामुळे त्या घरात तो कुणी बघितलाच नव्हता.

झेब्राचं तर वेगळंच. हा मासा आपल्याच देशातला, ओढ्याखाचरातला. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात तो नोंदवला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही. प्रयोगशाळेत त्याला चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार देतात, आणि उजेड झाल्यावर तो पहिल्या काही तासांत अंडी घालतो. रात्र नीट झाली नाही तर पहाटही होत नाही. खोळ सुरू केल्यावर महिन्याभरात ताईला पाचच्या सुमाराला पळापळ दिसली. तिला वाटलं पुन्हा तोच प्रकार. पण ही पळापळ वेगळी होती, दोन नर एका मादीच्या मागे, तळाशी.

अंडी घालतात आणि स्वतःच खातात, हा त्यांचा स्वभाव. भाच्यानं खेळातल्या गोट्या धुऊन एका कोपऱ्यात दोन थर पसरल्या. अंडी फटीत पडतात, माशांचं तोंड पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी गोट्यांखालचं पाणी नळीनं ओढून बरणीत घेतलं. तिसऱ्या दिवशी काचेला चिकटलेली पापणीच्या केसाएवढी पिल्लं. बहुतेक गेली, नऊ राहिली. दाजींनी मोजली, रात्री दीडला, झिरो बल्बात, चष्मा लावून.

टाकी आता कुणाला द्यायची नाही, असं ताईनं सांगितलंय. दुसरी आणायचीही नाही, असंही सांगितलंय.

रानाचं म्हणाल तर परवा शेवंतीचे बल्ब बंद केले. यंदा खांबाच्या बाजूनं बांबू रोवून काळा मल्चिंग पेपर उभा बांधलाय, माणूसभर उंच. वाऱ्यानं दोनदा फाटला, पुन्हा बांधला. त्या दोन ओळींना कळी कधी दिसते ते लिहीन.